वाचनालयाचा पत्रा आणि ८०जीची पावती

सातारा जिल्ह्यातल्या एका गावातून ६७ वर्षांच्या वाचक भगिनींचं पत्र आलं आहे. ओळख पटेल असे तपशील गाळून त्याचा सारांश असा:

"मी जिल्हा परिषदेच्या आरोग्य खात्यातून निवृत्त झाले. माझे यजमान गेले, त्याला एप्रिलमध्ये वर्ष होईल. किराणा दुकान सांभाळून त्यांनी सत्तावीस वर्षं गावच्या सार्वजनिक वाचनालयाचं चिटणीसपद पाहिलं. वाचनालयाचा पत्रा गळतो, पावसाळ्यात कपाटांवर प्लास्टिक टाकावं लागतं. वर्षश्राद्धाला गावजेवण घालण्यापेक्षा वाचनालयाला ३ लाख रुपये द्यावेत, असं माझ्या मनात आहे. पुण्यातला मुलगा म्हणतो, 'त्यांच्याकडे ८०जी, म्हणजे देणाऱ्याला आयकरात सवलत मिळवून देणारी मान्यता, नाही. इथल्या एखाद्या मोठ्या संस्थेला दे, ५० टक्के मिळतात, म्हणजे दीड लाख परत येतील. पण ३१ मार्चच्या आत.' त्याच्या ऑफिसातल्या एकाने तर सांगितलं, की काही ठिकाणी चेक दिला की पावती मिळते आणि थोडे टक्के कापून बाकीची रक्कम रोख परत येते. ऐकून मला कसंतरीच झालं. शेवटी मुलगा चिडून म्हणाला, 'बाबांनी जन्मभर वाचनालयालाच दिलं, आता तूही तेच कर.' अमेरिकेतली मुलगीही हजार डॉलर पाठवीन म्हणते. माझी पेन्शन महिना ४५ हजार आहे, ठेवींचं व्याज वर्षाला ३ लाख. मुलाचं उत्पन्न बाकीच्या वजावटी जाऊन १६ लाखांच्या घरात आहे, घराच्या कर्जामुळे तो जुन्याच करपद्धतीत आहे. कर वाचवून केलेलं दान हे दान राहतं का? यांना नावाची पाटी आवडली नसती, तर गुप्तदान करता येईल का? मुलाचं ऐकू की मनाचं?"

ताई,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्या वाचनात कराचा प्रश्न दिसला. दुसऱ्यांदा वाचताना मुलाच्या त्या शेवटच्या वाक्यापाशी थांबले. त्याच्याकडे येईनच. पण आधी पैशांचं बोलू. गावोगावच्या लहान संस्थांचे हिशेब लिहिण्यात माझी बरीच वर्षं गेली आहेत, आणि आकडे कागदावर मांडले की घरातलं निम्मं भांडण निवतं, हे मी अनेकदा पाहिलं आहे.

तुमच्या मुलाने सांगितलेले "५० टक्के" खरे आहेत. पण त्याचा अर्थ त्याने लावला तसा नाही. दिलेल्या पैशांतले निम्मे परत मिळत नाहीत. देणगीच्या निम्मी रक्कम तुमच्या उत्पन्नातून वजा होते आणि त्या वजा झालेल्या रकमेवर जो कर भरावा लागला असता, तेवढाच वाचतो. शिवाय शाळा, रुग्णालयं, सेवाभावी संस्था अशा बहुतेक नोंदणीकृत संस्थांच्या देणगीला वरून आणखी एक मर्यादा असते. इतर वजावटी जाऊन उरलेल्या उत्पन्नाच्या १० टक्क्यांपर्यंतचीच देणगी हिशेबात धरतात, आणि तिच्या निम्म्याची वजावट मिळते.

आता तुमचाच हिशेब घ्या. पेन्शनचे ५ लाख ४० हजार आणि व्याजाचे ३ लाख, मिळून ८ लाख ४० हजार. २०२३-२४ पासून नवी करपद्धत आपोआप लागू होते. जुनी हवी असेल तर विवरणपत्र भरताना तसं सांगावं लागतं. नव्या पद्धतीत पेन्शनवर ७५ हजारांची सरसकट वजावट मिळते, म्हणजे तुमचं करपात्र उत्पन्न ७ लाख ६५ हजार झालं. २०२५-२६ पासून १२ लाखांपर्यंतच्या अशा उत्पन्नावर कर शून्य होतो. म्हणजे तुम्हाला करच नाही. जो कर मुळात भरायचा नाही, तो वाचणार कुठून? आणि नव्या पद्धतीत ८०जीची वजावट मिळतच नाही, संस्था कितीही मोठी असली तरी.

बरं, ८०जीसाठी हट्टाने जुन्या पद्धतीत गेलात तर? तिथे पेन्शनवर ५० हजार आणि ज्येष्ठ नागरिक म्हणून व्याजावर ५० हजार वजा होऊन ७ लाख ४० हजार उरतात. देणगी न देता त्यावर उपकरासह ६०,३२० रुपये कर बसतो. ३ लाखांची देणगी दिली तर तिच्यातले फक्त ७४ हजार हिशेबात येतील, त्यांचे निम्मे म्हणजे ३७ हजार वजा होतील आणि कर होईल ५२,६२४ रुपये. वाचले ७,६९६. ते वाचवण्यासाठी जवळजवळ ५३ हजारांचा कर भरायचा, जो नव्या पद्धतीत एक रुपयाही नाही. ताई, ज्या दीड लाखावरून तुमच्या घरात आवाज चढले, ते दीड लाख कुठे नव्हतेच.

मुलाने स्वतःच्या खात्यातून ८०जी असलेल्या संस्थेला दिले तर त्याला काही फायदा होईल, कारण तो जुन्या पद्धतीत आहे. १६ लाखांचे १० टक्के म्हणजे १ लाख ६० हजार, त्याचे निम्मे ८० हजार, त्यावर उपकरासह ३१.२ टक्के. हे झाले २४,९६० रुपये. ३ लाख देऊन २५ हजार वाचतात. तेही लहान नाहीत, त्याची इच्छा असेल तर त्याने जरूर द्यावेत. पण ती त्याची देणगी होईल, पावतीवर त्याचंच नाव असेल.

हे वाचणाऱ्या इतरांसाठीही सांगते. मुख्यमंत्री सहायता निधी किंवा पंतप्रधान राष्ट्रीय मदत निधी यांना दिलेल्या देणगीवर पूर्ण १०० टक्के वजावट आहे, १० टक्क्यांची मर्यादाही नाही. पण तिथेही ३० टक्क्यांच्या टप्प्यातल्या माणसाला तीन लाखांमागे ९३,६०० रुपयेच वाचतात. द्यायचं मनात नसेल, तर निव्वळ कर वाचावा म्हणून देण्यात कधीच फायदा नसतो. खिशातून जास्त जातं, वाचतं कमी.

आता त्या "रोख परत" वाल्यांबद्दल. तुम्हाला कसंतरी झालं, ते बरोबरच झालं. हा सरळ खोटेपणा आहे आणि त्यात अडकतो तो पगारदार माणूस. २०२१-२२ पासून प्रत्येक ८०जी संस्थेला मिळालेल्या देणग्यांची यादी, देणगीदाराच्या पॅन किंवा आधारसह, ३१ मेपर्यंत आयकर विभागाला द्यावी लागते आणि देणगीदाराला देणगीचं प्रमाणपत्र (१९६१ च्या कायद्यात फॉर्म १०बीई) द्यावं लागतं. राजकीय पक्षांना दिलेल्या देणग्यांची वजावट वेगळ्या कलमाखाली येते आणि खोट्या पावत्यांचा सुळसुळाट तिथेही झाला. जुलै २०२५ मध्ये विभागाने देशभर दीडशे ठिकाणी अशा खोट्या वजावटींच्या दाव्यांसाठी छापे घातले. त्याच वेळी विभागाने सांगितलं, की आधीच्या चार महिन्यांत सुमारे ४० हजार करदात्यांनी आपणहून विवरणपत्रं दुरुस्त करून १,०४५ कोटींचे खोटे दावे मागे घेतले. माहिती खोटी दिल्याचं ठरलं तर बुडवलेल्या कराच्या २०० टक्के दंड लागतो, व्याज वेगळं. तुमच्या मुलाने अशी पावती घेतली असेल असं मला वाटत नाही. पण ऑफिसातलं असलं बोलणं चहाबरोबर गिळलं जातं आणि मार्चच्या शेवटच्या आठवड्यात वर येतं. त्याला हे आजच सांगा.

कर वाचवून केलेलं दान दान राहतं का, असं तुम्ही विचारलंत. माझ्या मते राहतं. ८०जीची सवलत म्हणजे सरकारने म्हटलेलं असतं, की तुम्ही देताय ना, मग थोडा वाटा आमच्या तिजोरीतूनही धरा. तो घेण्यात कसली लाज? ज्याला मिळते त्याने जरूर घ्यावी आणि वाचलेले पैसे वाटल्यास पुन्हा संस्थेला द्यावेत. पण कुणाला द्यायचं हे त्या सवलतीने ठरवू नये. तुमच्याच साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटलांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी वसतिगृहातल्या मुलांच्या जेवणासाठी एकेक दागिना मोडला, शेवटी मंगळसूत्रही. रयत शिक्षण संस्था १९१९ ची, ज्या आयकर कायद्यातलं हे ८०जी, तो १९६१ चा. गावोगावच्या बायका मुष्टिफंडासाठी रोज मूठभर धान्य बाजूला काढायच्या, तेव्हा त्यांना कुणी पावती फाडून दिली नव्हती.

वाचनालयाला द्यायचंच ठरवलंत, आणि मला वाटतं मनातून तुम्ही ठरवलेलंच आहे, तर चेक फाडण्याआधी चार गोष्टी नीट बघा. त्यात घाई करू नका. ८०जीचा फायदाच नाही म्हटल्यावर तुम्हाला ३१ मार्चचं बंधनही नाही.

सगळ्यात आधी विचारा, ही इमारत कुणाच्या नावावर आहे? अनेक गावांत वाचनालय ग्रामपंचायतीच्या किंवा देवस्थानच्या जागेत असतं. एका गावात माझ्यासमोर असं झालं, की एका देणगीदाराच्या पैशातून नवा पत्रा पडला आणि पुढच्याच वर्षी जागेच्या मालकाने तिथे दुसरंच काहीतरी आणायचं ठरवलं. पुस्तकं पोत्यांत भरून शाळेच्या व्हरांड्यात गेली. तुमच्याकडे जागा ग्रामपंचायतीची असेल, तर दुरुस्तीची लेखी परवानगी आणि जागा वाचनालयाकडेच राहील असा ठराव आधी हवा. कदाचित पत्र्याचा खर्च ग्रामपंचायतच उचलेल आणि तुमचे पैसे पुस्तकांना, अभ्यासिकेच्या टेबलांना लागतील.

दुसरं, वाचनालयाकडे आयकराची १२ए नोंदणी आहे का, ते विचारा. ८०जीची मान्यता देणगीदाराच्या सवलतीसाठी असते. १२ए संस्थेच्या स्वतःच्या करासाठी. धर्मादाय आयुक्तांकडची नोंदणी वेगळी, ती बहुतेक जुन्या वाचनालयांकडे असते आणि बऱ्याच कार्यकर्त्यांना वाटतं तेवढ्याने भागलं. भागत नाही. १२ए नसेल तर आलेली मोठी देणगी संस्थेचं उत्पन्न धरली जाऊन तिच्यावर कर बसू शकतो. यजमानांनी सत्तावीस वर्षं जमाखर्च लिहिला, तेव्हा कागदपत्रं घरातच कुठल्यातरी फायलीत असतील. संस्थेची घटना, नोंदणी प्रमाणपत्र, पॅन, मागच्या तीन वर्षांचे लेखापरीक्षण केलेले ताळेबंद. नोंदणी नसेल तर ही फाईल घेऊन एखाद्या सीएकडे जा आणि १२ए, ८०जी दोन्हीचे अर्ज एकत्र करायला सांगा. अर्ज ऑनलाइन होतो. १ एप्रिल २०२६ पासून आयकर कायदा, २०२५ लागू झाला आहे, तेव्हा कलमांचे आणि फॉर्मचे क्रमांक बदलले आहेत. सीएच्या फीचे काही हजार तुम्ही दिलेत, तर तीही वाचनालयाला मोठीच देणगी होईल, कारण तुमच्यानंतर देणाऱ्या प्रत्येकाची अडचण त्याने दूर होईल. माझ्या ओळखीतली कितीतरी वाचनालयं निव्वळ हे कागद नाहीत म्हणून मुंबई-पुण्यातल्या आपल्याच गावकऱ्यांच्या देणग्यांना मुकतात.

तिसरं, तीन लाख एकरकमी देऊ नका. मंडळावर अविश्वास दाखवा असं मी म्हणत नाही. पण हातात मोठी रक्कम आली की लहान संस्थेत प्रत्येकाला वेगळं काम आठवतं. पत्र्याचं अंदाजपत्रक दोन-तीन ठिकाणांहून मागवा, कार्यकारी मंडळाचा ठराव होऊ द्या, तुमची देणगी कशासाठी आहे हे एका साध्या पत्रात लिहून द्या आणि पत्र्याचे पैसे कामाच्या टप्प्यांप्रमाणे संस्थेच्या खात्यात चेकने भरा. उरलेली रक्कम कायम निधी म्हणून राष्ट्रीयीकृत बँकेत ठेवता येईल, तसं पत्रात स्पष्ट लिहायचं. दीड लाखाचे सात टक्के धरले तर वर्षाला साडेदहा हजार व्याज येईल. खेड्यातल्या वाचनालयासाठी ती वर्षभराची वर्तमानपत्रं, मासिकं आणि बऱ्यापैकी नवी पुस्तकं असतात.

चौथं तुमच्याबद्दल. ठेवीतले ३ लाख गेले की तुमचं वर्षाचं व्याज वीस-एकवीस हजारांनी कमी होईल. पेन्शन आहे, तरी दवाखान्यासाठी हाताशी किती ठेवायचे, हे आधी ठरवा. आणि मुदत संपायच्या आत ठेव मोडू नका, बँक त्यात व्याज कापते. एखादी ठेव जूनमध्ये सुटणार असेल तर जूनमध्ये द्या.

गुप्तदानाचं म्हणाल, तर गावापासून गुप्त ठेवता येतं, हिशेबाच्या वहीपासून नाही. देवळाच्या दानपेटीत कुणी काय टाकलं हे कुणी विचारत नाही, निव्वळ धार्मिक संस्थांना कायद्याने ती मोकळीक आहे. इतर धर्मादाय संस्थांकडे मात्र देणाऱ्याचं नाव-पत्ता नसलेल्या देणग्या ठरावीक मर्यादेपलीकडे गेल्या, तर त्यांच्यावर संस्थेला ३० टक्के कर लागतो. म्हणून पावती तुमच्या नावाने फाडू द्या, पाटी लावू नका असं मंडळाला लिहून द्या.

इतर वाचकांनीही लक्षात ठेवावं असं थोडं. जुन्या पद्धतीत ८०जी घ्यायची असेल तर २,००० रुपयांपुढची रोख देणगी चालत नाही. चेक, बँक किंवा यूपीआयनेच द्या आणि तीही संस्थेच्या खात्यात, कुणा कार्यकर्त्याच्या मोबाइल नंबरवर नाही. पंखे, संगणक, पुस्तकं, धान्य असं वस्तुरूपाने दिलं तर वजावट मिळत नाही. संस्थेची ८०जी मान्यता ठरावीक मुदतीची असते, म्हणून जुन्या पावतीवर छापलेला क्रमांक पुरेसा धरू नका, आयकर विभागाच्या संकेतस्थळावर नाव तपासा. आणि जूनमध्ये देणगीचं प्रमाणपत्र मागून घ्या.

तुमच्या लेकीला सांगा, हजार डॉलर पाठवायची घाई करू नकोस. तिचा पासपोर्ट अजून भारतीय असेल आणि स्वतःच्या बचतीतून रीतसर बँकेमार्फत पाठवणार असेल, तर ती परदेशी देणगी धरत नाहीत. तिने अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं असेल, तर मूळ भारतीयांना मिळणारं ओसीआय कार्ड असूनही ती देणगी परदेशी ठरते, आणि परदेशी देणगी नियमन कायद्याची नोंदणी नसलेल्या वाचनालयाने ती घेणं गुन्हा आहे. बिचाऱ्या नव्या चिटणीसाला यात अडकवू नका. ती सुट्टीत आली की वाचनालयात मुलांना गोष्टी वाचून दाखवू शकेल, त्याला कुठलीच नोंदणी लागत नाही.

आता ते वाक्य. "बाबांनी जन्मभर वाचनालयालाच दिलं."

ताई, ३ लाखांवर किती कर वाचतो हे मुलाने पाच मिनिटांत शोधून काढलं असतं. शोधलं नाही, कारण त्याला ते शोधायचंच नसावं. वाचनालयं संध्याकाळी उघडी असतात. दुकान बंद करून तुमचे यजमान तिकडे जात असतील आणि घरी येईपर्यंत मुलं झोपलेली असतील. गावाला पुस्तकं देणारा माणूस घरच्या मुलाला किती वेळ देऊ शकला, हे मला माहीत नाही. तुम्हाला माहीत असेल. सार्वजनिक काम करणाऱ्या माणसांच्या मुलांकडून हे वाक्य मी वेगवेगळ्या शब्दांत ऐकलं आहे, आणि दरवेळी ते पैशांच्या बोलण्यातच आलं. वर्ष होत आलं, म्हणजे त्याच्याही मनात वडील येतच असतील, फक्त त्याच्या वाट्याचे वडील तुमच्या आठवणीतल्या यजमानांपेक्षा थोडे वेगळे असतील.

म्हणून "मुलाचं की मनाचं" असा निवाडा करू नका. हा हिशेब त्याला दाखवा, पण तू चुकलास असं म्हणून नको. त्याला विचारा, लहानपणी बाबा वाचनालयात असायचे तेव्हा तू काय करायचास? आणि उत्तर येईल ते मध्ये न बोलता ऐका. यजमानांच्या बाजूने खुलासा करावासा वाटेल. त्या दिवशी तो करू नका. पैसे तुमचे आहेत, निर्णयही तुमचाच राहील. पण तो घेण्याआधी मुलाचं म्हणणं पूर्ण ऐकलेलं असू दे.

त्याला एखाद्या रविवारी गावी बोलवा. पत्र्याचं माप घ्यायचंय, अंदाजपत्रक दोन ठिकाणांहून मागवायचंय, इमारतीचा उतारा ग्रामपंचायतीतून काढायचाय, अशी कामं सांगा. ही कामं खरीच आहेत आणि ६७व्या वर्षी तुम्ही एकटीने शिडीवर चढू नये. माप घेऊन झालं की कपाटांतली जुनी देवघेव रजिस्टरं काढून बघा. वाचनालयं ती सहसा टाकून देत नाहीत. मुलाच्या शाळेच्या वर्षांतल्या एखाद्या पानावर त्याचं नाव असेल, समोर पुस्तकाचा दाखल क्रमांक, आणि दिल्या-घेतल्याच्या रकान्यात यजमानांच्या हातची सही.